राखेतला विस्तव : डहाणू-तलासरीतील थंडी, शेकोटी आणि सरपण

डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या दोन तालुक्यांत थंडी कधी जीवघेणी पडत नाही. समुद्रकाठच्या पट्ट्यात जानेवारीतील किमान तापमान सरासरीने १६-१७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते; पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात, जिथे समुद्राची ऊब पोचत नाही आणि निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिथे पारा त्याहून बराच खाली उतरतो. काश्मीरच्या किंवा युरोपच्या हिवाळ्याशी तुलना केली तर हे आकडे कोणालाही सौम्यच वाटतील. परंतु थंडीची बोच हवेतल्या पाऱ्यापेक्षा अंगावर काय आहे, भिंती कशाच्या आहेत आणि रात्री जाळायला घरात काय उरले आहे यांवर अधिक ठरत असल्यामुळे, कारवीच्या कुडाच्या घरात लंगोटीवर झोपणाऱ्या माणसाला पहाटेचे बारा अंशही हुडहुडी भरवण्यास पुरेसे होत असत. या भागात ऊब मिळवण्याचे साधन शतकानुशतके एकच होते, ते म्हणजे विस्तव. आणि विस्तवाला लागणारे लाकूड जंगलातून येत असल्याने येथील उबेचा इतिहास हा बऱ्याच अंशी जंगलाच्या मालकीचा इतिहास आहे.

कपड्यांऐवजी विस्तवावर भिस्त का राहिली, याची कारणे भूगोलात आहेत तशी अर्थव्यवहारातही आहेत. महाराष्ट्राच्या पठारावरील शेतकऱ्याचे थंडीतले हक्काचे पांघरूण म्हणजे घोंगडी. ती धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची असते, आणि उत्तर कोकणातील धुवाधार पाऊस व दलदल मेंढ्यांना मानवत नसल्याने या पट्ट्यात लोकर स्थानिक पातळीवर कधी पैदाच झाली नाही. घोंगडी येथे येई ती बाजारातून, रोख पैशाने. दुसरे पांघरूण गोधडीचे. तिला पैसे लागत नाहीत असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो फसवा आहे, कारण गोधडी शिवायला जुनी लुगडी आणि जुनी धोतरे साठलेली असावी लागतात, म्हणजेच घरात आधी पुरेसे नवे कापड आलेले असावे लागते. येथील वारली आदिवासी पुरुषाचा वेश विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंगोटी आणि खांद्यावरचे एखादे फडके एवढाच असे, आणि स्त्रिया आखूड लुगडे घट्ट कासून नेसत. असे कापड विरेपर्यंत अंगावरच राही, गोधडीच्या थरांत जाण्याइतके ते उरतच नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई होऊन त्यावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा ही तुटपुंजी आवकही आटली असणार हे वेगळे सांगायला नको.

अशा घरात चूल हे केवळ स्वयंपाकाचे ठिकाण नव्हते. वारल्यांचे जुन्या पद्धतीचे घर म्हणजे लाकडी मेढींवर उभे केलेले छप्पर आणि कारवीच्या सोटांचा, शेणमातीने लिंपलेला कूड. त्याला खिडक्या जवळजवळ नसतच, आणि धूर छपराच्या गवतातून झिरपून बाहेर पडे. या धुराचा उपद्रव डोळ्यांना आणि छातीला होत असे हे खरे असले तरी त्याच धुराने छपराचे बांबू कीड लागण्यापासून वाचत, कणगीतल्या म्हणजे बांबू विणून लिंपलेल्या कोठीतल्या भाताला पोरकिडे कमी लागत, आणि मुख्य म्हणजे खिडकी नसल्यामुळे रात्री उशिरापर्यंत ऊब आत कोंडून राही. गेरूने सारवलेल्या ज्या अंधाऱ्या आतल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिण्याची प्रथा होती, आणि जी चित्रकला पुढे गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर पोचली, त्या भिंती चुलीच्या धुराने माखलेल्या भिंती होत. कागदावर आणि कॅनव्हासवर आलेल्या या चित्रांत धुराचा वास उरलेला नाही, आणि घर थंड की उबदार हा प्रश्न चित्रांचे ग्राहक सहसा विचारत नाहीत.

शेकोटी आणि चूल यांतला फरक इथे ध्यानात घ्यावा लागतो. शेकोटी ही अंगणातली, चारचौघांची. भाताची कापणी झाल्यावर खळ्यावर, म्हणजे झोडणी-मळणीसाठी सारवून घेतलेल्या जागेवर, धान्याची राखण करण्यासाठी रात्री जागाव्या लागत, आणि हे दिवस नेमके थंडी सुरू होण्याचे असत. पेंढा, पालापाचोळा, काटक्या आणि मध्ये एखादा जाड ओंडका अशी ही आग भडकण्यापेक्षा रेंगाळावी अशा बेताने रचली जाई. भडकलेल्या आगीची धग समोरच्या अंगाला भाजते आणि पाठ गारच राहते. म्हणून जाणता माणूस ज्वाळा निवू देतो, ओंडक्याचा इंगळ तयार होऊ देतो आणि मग त्याभोवती पाठ फिरवत बसतो. लाकडातही प्रतवारी असे. धावडा, ऐन, खैर यांसारखी घट्ट लाकडे उशिरा पेटतात पण त्यांचा निखारा दीर्घकाळ टिकतो, तर सावर किंवा पांगारा भसकन जळून पांढरी राख करून मोकळा होतो. अशाच हिवाळी आगीत रांधण्याची पद्धतही या टापूत आहे. रायगडकडे पोपटी आणि वलसाडकडे उंबाडियुं म्हणून जो प्रकार ओळखला जातो, ज्यात वालपापडी, कंद, रताळी वगैरे मडक्यात पाल्यासह कोंबून, मडके उपडे घालून वरून आग करतात, त्याच्या दोन रूपांच्या मधोमध हा मुलूख पडतो. अन्न शिजवणारी आणि अंग शेकणारी आग एकच असण्याचे हे रांगडे उदाहरण आहे.

रात्र संपताना प्रश्न येई तो आग पुन्हा पेटवण्याचा. चकमक, म्हणजे गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासून ठिणगी पाडण्याचे साधन, आणि ती ठिणगी झेलण्यासाठी सावरीचा कापूस हे महाराष्ट्रातील वनवासी आणि गावकरी दोघांनाही पूर्वापार ठाऊक होते. तरीही रोजच्या रोज ठिणगी पाडणे हे दमट हवेत कटकटीचे काम असल्याने सर्वसाधारण रीत विस्तव राखण्याची होती. निजण्यापूर्वी चुलीतला जाड निखारा बाजूला घेऊन त्यावर राखेचा थर ओढला जाई. राख ही उष्णतेची मंदवाहक असल्याने आतली उष्णता बाहेर जात नाही, आणि हवा अगदी बेताची मिळत असल्याने निखारा पूर्ण विझत नाही की भरभर जळूनही जात नाही. पहाटे राख सारली, वर चार काटक्या ठेवून फुंकणीने फुंकर घातली की चूल पेटे. ज्या घरचा विस्तव विझला असेल, ते शेजारच्या घरून मडक्याच्या खापरीत किंवा परळात निखारे मागून आणीत, आणि ही देवघेव मीठ-मिरचीच्या उसनवारीसारखी परत करायची नसे. ‘विस्तव’ हा शब्द इथे ज्वाळेपेक्षा अशा राखून ठेवलेल्या, एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकणाऱ्या आगीला उद्देशून आहे. बोलीत तो ‘इस्तू’ होतो.

अग्नी राखण्याची एक अगदी वेगळी, धर्मविधीची परंपरा याच डोंगरांत होऊन गेली. संजाण ही आपली वस्ती आक्रमकांच्या हाती पडल्यावर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी, जो इराणशाह म्हणून ओळखला जातो, बोर्डीच्या पूर्वेच्या बारड डोंगरावरील बाहरोटच्या लेण्यांत नेऊन १२ वर्षे राखला, अशी ‘किस्सा-इ-संजाण’ या १५९९ साली रचलेल्या फारसी काव्यात आलेली परंपरा आहे; ही घटना नेमकी कोणत्या शतकाच्या अखेरची यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तो अग्नी पुढे बांसदा, नवसारी असा प्रवास करीत आज उदवाड्याला आहे, आणि दिवसाच्या पाच प्रहरांत त्याला लाकूड अर्पण करण्याचा विधी अखंड चालू आहे. या अग्नीचा शेकण्याशी काही संबंध नाही, उलट तसा संबंध सुचवणेही भाविकाला अनुचित वाटेल. मात्र एका डोंगरावर एक तप सतत जळणारी आग म्हणजे तितका काळ सतत येणारे लाकूड, आणि ते लाकूड या डोंगराच्या जंगलाने पुरवले असणार, एवढी गोष्ट इंधनाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

जंगलातले लाकूड मुक्तपणे घेता येण्याचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपत गेला. १८६४च्या सुमारास मुंबईपर्यंत आलेल्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने डहाणूचे जंगल मुंबईच्या बाजारपेठेच्या एका दिवसाच्या अंतरावर आणून ठेवले, आणि १८७८च्या भारतीय वन कायद्याने जंगलांची विभागणी केली. या कायद्यातील दोन वर्गांचा फरक समजून घेतल्याशिवाय पुढचा संघर्ष कळत नाही : ‘राखीव’ जंगलात जे स्पष्टपणे मंजूर केले आहे तेवढेच करता येते, बाकी सर्व गुन्हा, ‘संरक्षित’ जंगलात जे स्पष्टपणे मना केले आहे तेवढे सोडून बाकी करता येते. पहिल्या प्रकारात हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी गावकऱ्यावर पडते, आणि ज्यांच्या हक्काचा कागद कधीच नव्हता, त्यांच्या दृष्टीने जंगल एका रात्रीत परके होते. ठाणे (ज्यात डहाणू तेव्हा येई) आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल १८८७ साली आला.

आयोगापुढील वादाचा मोठा भाग राबाविषयी होता. राब म्हणजे भाताची रोपे करण्याच्या वाफ्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाला, गवत आणि शेण यांचे थर रचून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळणे. यामुळे वाफ्यातील तणाचे बी जळते आणि राख खत म्हणून मिळते. यासाठी लागणारा पाला वरकस जमिनीतून, म्हणजे नाचणी-वरईच्या हलक्या उताराच्या जमिनीतून, आणि जंगलातून येई. वनखात्याला राब ही झाडांची नासाडी वाटत होती, तर शेतकऱ्याला त्याच्यावाचून भात अशक्य वाटत होते. उबेच्या दृष्टीने पाहता राबाचा एक परिणाम असा होता की घरातले शेण आणि सुकी फांदी, जी पठारावर गोवऱ्या व सरपण होऊन चुलीत गेली असती, ती इथे उन्हाळ्यात शेतावर जळून जाई. त्यामुळे हिवाळ्याची चूल जंगलातील मेलेल्या लाकडावर अधिकच अवलंबून राही. राबासाठी आयोग बसला. चुलीसाठी आणि शेकोटीसाठी स्वतंत्र आयोग बसण्याचे कारण नव्हते, कारण शेतसारा राबातून निघत होता, शेकोटीतून नव्हे.

१९२७च्या वन कायद्याने ही चौकट आणखी आवळली. त्याच्या २६व्या कलमात राखीव जंगलातील गुन्ह्यांची जी यादी आहे तीत, वनाधिकाऱ्याने जाहीर केलेल्या हंगामाखेरीज विस्तव पेटवणे, बाळगणे आणि घेऊन जाणे ही तिन्ही कृत्ये येतात. वणव्यापासून जंगल वाचवणे हा त्यामागील हेतू समंजस होता. तथापि या तीन क्रियापदांत एका वस्तीचे रोजचे जीवन जवळजवळ पूर्ण मावते : पेटवणे ही खळ्यावरची शेकोटी, बाळगणे हा राखेतला निखारा, आणि घेऊन जाणे म्हणजे एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर खापरीत नेलेला इस्तू, ज्याची वाट अनेकदा जंगलाच्या हद्दीतूनच जात असे. असा गुन्हा प्रत्यक्षात किती वेळा नोंदवला गेला यापेक्षा तो नोंदवता येतो ही गोष्ट वनरक्षकाच्या हातात आली हे महत्त्वाचे होते, कारण ज्याच्यावर खटला भरता येतो त्याच्याकडून कोंबडी, लाकूड किंवा फुकटचे श्रम मागता येतात.

फुकटच्या श्रमांची पद्धत इथे आधीच रुजलेली होती. १९३५च्या भारत सरकार कायद्यान्वये डहाणू व उंबरगाव हे भाग ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’, म्हणजे सामान्य कायदे गव्हर्नरच्या संमतीनेच पूर्णपणे लागू होतील असे क्षेत्र, ठरले, आणि तेथील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन यांनी १९३९च्या सुमारास अहवाल दिला. तलासरी त्या वेळी उंबरगावच्या हद्दीत होते. १ मे १९६० रोजी उंबरगावचा बहुतेक भाग गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिले. सावकार-जमीनदारांची वेठ, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवऱ्या मुलाला व त्याच्या बायकोला सावकाराच्या घरी राबावे लागण्याची ‘लग्नगडी’ची पद्धत, यांचे चित्र त्या अहवालात आणि के. जे. सावे यांच्या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथात आढळते. वेठीच्या कामांत शेतीबरोबर मालकाघरचे सरपण आणणे आणि फोडणे हेही येई. दुसऱ्याच्या अंगणात ढीग रचून आपल्या चुलीसाठी वाटेत पडलेल्या काटक्या वेचणे, असा हा व्यवहार होता.

रेल्वेने मुंबईला जो माल जाई त्यात इमारती लाकूड, जळाऊ लाकूड, कोळसा आणि गवत या चार गोष्टी प्रमुख होत्या, आणि त्यांपैकी तिहींचा हंगाम हिवाळ्याचा होता. पावसाळा सरताच गवत कापून त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. मग जंगलातील कूप, म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी आखून लिलावात दिलेले तुकडे, ठेकेदारांच्या ताब्यात जात. कोळसा पाडणे हे विशेष कौशल्याचे काम असून त्यात काथोडी-कातकरी समाजाचा वाटा मोठा होता. लाकडाचे तुकडे रचून, त्यावर पाला व माती लिंपून, आत अगदी कमी हवा सोडत कित्येक दिवस मंद जाळल्यास लाकडातील पाणी आणि धूर देणारे घटक निघून जातात व हलका, बिनधुराचा कोळसा उरतो. हा कोळसा म्हणजे शहरातल्या शेगडीसाठी बांधून दिलेली ऊब होती. भट्टीला रात्रभर जागून पहारा द्यावा लागतो, कारण माती एका ठिकाणी फाटून हवा शिरली तर सगळा माल राख होतो. त्यामुळे कोळसा पाडणारा मजूर थंडीच्या रात्री उबेत असे, मात्र ती ऊब त्याच्या कामाचे उपउत्पादन असे आणि भट्टी उघडल्यावर गाडीत भरून निघून जाई. महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या वायूवर मोटारी चालू लागल्या, आणि या मालाची मागणी आणखी वाढली.

१९४५ साली सुरू झालेल्या वारली उठावाचा इतिहास त्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला असून त्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या उठावाचा येथे संबंध येतो तो इतकाच, की त्याच्या मागण्या गवत आणि लाकूड या दोन जिन्नसांभोवती फिरत होत्या. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षीच्या गवताच्या हंगामात ५०० पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून संप झाला आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पुढल्या वर्षी जंगलतोडीच्या कामासाठी दिवसाला किमान सव्वा रुपयाची मागणी पुढे आली, कूपातील काम महिनाभराहून अधिक काळ बंद पडले, आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये लाकूड-व्यापाऱ्यांना ती मान्य करावी लागली. ठेकेदारीला पर्याय म्हणून मुंबई प्रांतात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप देण्याचे धोरण सुरू झाले. मजुरी वाढली हे खरे. पण जे लाकूड तोडण्याची मजुरी सव्वा रुपया झाली, ते लाकूड मजुराच्या स्वतःच्या चुलीत घालण्याचा प्रश्न सहकारी संस्थेच्या कागदांत तितक्या ठळकपणे आला नाही.

दरम्यान काडेपेटीने राखेतल्या निखाऱ्याची गरज हळूहळू कमी केली. आयात स्वीडिश आणि जपानी काड्यांनंतर १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, कारखाना त्याच ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला उभा राहिला. काड्यांसाठी देशात सावरीचे हलके लाकूड वापरले जाई. ज्या झाडाच्या कापसावर चकमकीची ठिणगी झेलली जात होती, त्याच झाडाच्या काडीने चकमक निकालात काढावी, हा एक गमतीचा योगायोग.

निखारा बाळगण्याऐवजी उष्णता बाळगण्याची कल्पना त्याआधीच युरोपात रुजत होती. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६०च्या दशकात दाखवून दिले की पदार्थ वितळताना उष्णता शोषतो, पण त्याचे तापमान वाढत नाही. ही दडून बसलेली उष्णता, जिला अप्रकट उष्मा म्हणतात, पदार्थ गोठताना परत बाहेर पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडियम ॲसिटेट या क्षाराने, जो व्हिनेगरमधल्या आम्लापासून बनतो, भरलेले धातूचे डबे इंग्लंडमध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या प्रवाशांच्या पायाखाली ठेवले जाऊ लागले. नुसत्या गरम पाण्याच्या डब्यापेक्षा ते पुष्कळ जास्त वेळ उबदार राहत, आणि निवत आल्यावर त्यांना हलवले की पुन्हा तापत. आज हातात मावणाऱ्या प्लास्टिकच्या थैलीत हेच द्रव्य असते. त्याच्या स्फटिकांचा वितळणबिंदू ५८ अंश सेल्सिअस आहे. थैली उकळत्या पाण्यात ठेवली की ते पूर्ण वितळते, आणि नंतर खोलीच्या तापमानाला येऊनही द्रवच राहते, कारण स्फटिकीभवन सुरू करायला एखादा सूक्ष्म स्फटिक बीजासारखा लागतो. या अवस्थेला अतिशीतित द्रव म्हणतात. थैलीत सोडलेली छोटी लवचीक धातूची चकती बोटाने वाकवून ‘टक्’ केली की तिच्या भेगांत अडकून राहिलेले स्फटिक मोकळे होतात, पांढरे जाळे क्षणात पसरते आणि थैली पन्नासएक अंशांपर्यंत तापते. ऊब ओसरल्यावर ती पुन्हा उकळून ‘भरता’ येते. जपानात १९२३ पासून विकले जाणारे हाक्किन कैरो हे याहून वेगळे साधन आहे. त्यात बेन्झिनची वाफ प्लॅटिनमच्या सान्निध्यात ज्वाळेविना जळते. काश्मिरातील कांगडी तर थेट निखाऱ्यांचीच, वेताच्या टोपलीत ठेवलेली.

या थैलीची आणि राखेतल्या निखाऱ्याची तुलना फक्त भावनेची नाही, हिशेबाचीही आहे. एक किलो सोडियम ॲसिटेटमध्ये साठणारा अप्रकट उष्मा सुमारे २६४ किलोज्यूल असतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या थैलीत साधारण २६ किलोज्यूल उष्णता मावते, जी वाळलेले लाकूड पूर्ण जाळल्यास दोन ग्रॅमांहूनही कमी लाकडातून मिळते. शेकोटी या दृष्टीने विलक्षण उधळी ठरते, कारण तिची बहुतेक उष्णता आकाशात जाते, तर थैली आपली तुटपुंजी शिदोरी सरळ तळहातावर ठेवते. म्हणूनच बर्फात गिर्यारोहण करणाऱ्याला, किंवा शिकागो-टोरंटोत बसची वाट पाहणाऱ्या मराठी कुटुंबाला, जिथे अंगावर जाड कपडे आधीच आहेत आणि उघडे राहतात ते फक्त हात, तिथे ती उपयोगी पडते. जिथे अंगावरच काही नव्हते, तिथे दोन ग्रॅम लाकडाएवढ्या उष्णतेने काही भागले नसते. शिवाय ती उकळण्यासाठी चूल लागतेच. थैली उष्णता निर्माण करीत नाही, दुसऱ्याने केलेली सांभाळते, आणि या एकाच बाबतीत ती शेजाऱ्याच्या घरून आणलेल्या खापरीतल्या विस्तवाची खरी नातेवाईक आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या भागातच उष्णतेचा एक अवाढव्य कारखाना आला. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र १९९५च्या सुमारास सुरू झाले, आणि त्याची वीज मुख्यतः मुंबईच्या उपनगरांकडे गेली. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेला असल्याने या केंद्राच्या धुरावर आणि राखेवर दीर्घकाळ वाद चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. कोळसा बाहेरून आणि ऊर्जा बाहेर, राख तेवढी गावात, ही रचना शंभर वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या भट्ट्यांहून दिशेने फारशी वेगळी नव्हती.

२००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, लाख यांच्याबरोबर काटक्या-झुडपांचे जळण आणि झाडांचे खुंट यांचाही उल्लेख केला. १८७८ नंतर १२८ वर्षांनी काटकीला कायद्यात स्वतःचे नाव मिळाले. मात्र त्यानंतर दहाच वर्षांत, मे २०१६ पासून, उज्ज्वला योजनेतून गॅसच्या शेगड्या पाड्यांवर येऊ लागल्या. धुरामुळे स्त्रियांच्या छातीला आणि डोळ्यांना होणारा त्रास पाहता या बदलाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु स्वयंपाक आणि ऊब यांची जी सांगड चुलीने घातली होती ती गॅसने तोडली : बटण बंद करताच ज्वाळा नाहीशी होते, आणि मागे राख उरत नाही, त्यामुळे राखेत पुरायला निखाराही उरत नाही. सिलिंडर असलेल्या अनेक ग्रामीण घरांत अंगणातली चूल तशीच ठेवली जाते, आणि त्याचा अर्थ केवळ सिलिंडर भरायला पैसे नसणे असा लावला, तर हिवाळ्याचा हिशेब त्यातून सुटतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरीच्या धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, जिला भूशास्त्रात भूकंपसमूह म्हणतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजीचा धक्का ४.१ रिश्टरचा होता. त्या हिवाळ्यात कुडाच्या आणि विटांच्या दोन्ही प्रकारच्या घरांतील लोकांनी भिंत अंगावर पडेल या भीतीने रात्री बाहेर काढल्या, आणि प्रशासनाने व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू पुरवले. कुडाची भिंत हादऱ्यात वाकते पण सहसा माणसाला चिरडत नाही, तर विटांची भिंत थंडी अडवते पण कोसळली तर जीव घेते. तंबूचे कापड दवापासून वाचवते, पण त्याच्या आत आग पेटवणे धोक्याचे असते. म्हणून ज्या भागात शंभर वर्षे शेकोटी हा राखीव जंगलाच्या हद्दीवरचा संशयित प्रकार मानला गेला होता, तिथे त्या जानेवारी-फेब्रुवारीत, सरकारी तंबूंच्या ओळीसमोर, गॅसची शेगडी आत तडे गेलेल्या घरात सोडून, जंगलातून आणलेल्या मोळीतले ओंडके अंगणात पेटत होते, आणि पहाटे विझायला आलेल्या इंगळांवर पुन्हा राख ओढली जात होती, कारण पुढच्या रात्रीही बाहेरच झोपायचे होते.